रँग्लर, राजदूत आणि वेशीबाहेरचे आपण

आपल्या देशात एक जुनी शिडी आहे. खालच्या पायरीवर प्राध्यापक, मधल्या पायरीवर मंत्री, वरच्या पायरीवर परदेशातला वकील. या शिडीवर चढलेल्या माणसाचा फोटो कॉलेजच्या हॉलमध्ये लागतो. शताब्दीला हार पडतो. पोरांना सांगितलं जातं, बघा, अभ्यास केला की माणूस असा मोठा होतो. पोरं मान डोलावतात आणि चहा पिऊन घरी जातात.

आम्ही फोटोला नमस्कार करत नाही. फोटो फोडतही नाही. फोटोखाली उभे राहून आम्ही दोन प्रश्न विचारतो. हा वर चढला तेव्हा शिडी कुणी धरली होती? आणि वर गेल्यावर यानं कुणाचा निरोप पोचवला?

या अंकात हे प्रश्न आम्ही रँग्लर परांजप्यांना विचारतो आहोत. महाराष्ट्रात प्राध्यापक, मंत्री आणि देशाचा वकील हा सगळा प्रवास पुरा केलेला याच्याइतका ठळक माणूस दुसरा नाही. आणि तो आपला शत्रू नव्हता. शत्रूला चार शिव्या घालणं सोपं असतं. भल्या माणसाचा हिशेब मांडायला जास्त डोकं लागतं.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. जन्म १८७६, दापोलीजवळचं मुर्डी. कोकणस्थ बामणाचं घर, पैसा बेताचा. पोरगं हुशार. महर्षी कर्वे नात्यातले. मुंबईत शिकायला गेल्यावर कर्व्यांच्या घरचा आधार मिळाला. पुढं सरकारी शिष्यवृत्ती मिळाली, केंब्रिज गाठलं, आणि १८९९ साली गणितात सीनियर रँग्लर झाले. पहिला हिंदी माणूस. साहेबाच्या घरात शिरून साहेबाला त्याच्याच गणितात हरवलं. सगळ्या देशाची छाती फुगली.

परत येऊन हा गडी सरकारी हुद्द्यामागं लागला नाही. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकवायला बसला. १९०२ साली प्रिन्सिपॉल. वय किती? सव्वीस. मुद्दाम लक्षात ठेवा हे वय. या अंकाचे वाचक बहुतेक त्याच वयाचे आहेत. आम्हीही त्याच वयाचे आहोत. आम्ही दहावी पास होऊन गोदीत माल उचलतो.

मग राजकारण. माँटफर्ड सुधारणा आल्या आणि १९२१ साली परांजपे मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री झाले. १९२३ पर्यंत होते. १९२७ साली पुन्हा थोडे दिवस मंत्री, मग लंडनला इंडिया कौन्सिलवर १९३२ पर्यंत. मग लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू. १९४२ साली ‘सर’. १९४४ ते १९४७ ऑस्ट्रेलियात हिंदुस्थानचे हायकमिशनर. म्हातारपणी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. १९६६ साली गेले. एका खुर्चीवरून उठले की दुसरी तयार. मधे एक दिवस उन्हात उभं राहायची पाळी नाही.

आता त्यांच्या पदरात जे टाकायचं ते टाकू. माणूस नास्तिक होता. उघड नास्तिक. पुण्यात राहून, बामणाच्या घरात जन्मून, देव नाही म्हणायची हिंमत त्याच्यात होती. बुद्धिवादाचा प्रचार त्यानं मरेपर्यंत केला. आज आपल्या वस्तीत नवसाचे बोकड कापणारे पुढारी आहेत. त्यांनी परांजप्यांकडून शिकायला हरकत नाही.

आणि १९२३ साल. परांजपे शिक्षणमंत्री असताना मुंबई सरकारनं ठराव काढला की सरकारी ग्रँट खाणाऱ्या ज्या शाळा अस्पृश्यांच्या पोरांना घेणार नाहीत त्यांची ग्रँट बंद. त्याच वर्षी ४ ऑगस्टला कायदेमंडळात सीताराम केशव बोल्यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, सरकारी शाळा, दवाखाने, कोर्टं अस्पृश्यांना खुली. सप्टेंबरात सरकारनं सगळ्या खात्यांना कळवलं, अंमल करा.

कागद उत्तम होता. आम्ही कागदाला नावं ठेवत नाही. आपली सगळी लढाई कागदाच्या जोरावर चालली आहे. पण कागद मुंबईहून निघाला आणि पोचला कुठं?

महाडला. महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला. तरी कुणी पाणी पिऊ दिलं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्याले, आणि मग डोकी फुटली. बामणांनी तळ्यात शेणगोमूत्राच्या घागरी ओतून तळं शुद्ध केलं. कोर्टात खटला चालला. हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ साली. बोले ठरावाला तोवर चौदा वर्षं झाली होती. चौदा वर्षांत एक पोरगं शाळेत जायच्या वयाचं होऊन शाळेबाहेरच मोठं होतं, आणि त्याला पोरगं होतं.

म्हणजे मंत्र्याची सही आणि तळ्याची पायरी यांच्यामधे कोण बसला होता? गावचा पाटील, लोकल बोर्डाचा मेंबर, शाळामास्तर, नगरपालिकेचा अध्यक्ष. परांजप्यांना हे माहीत नव्हतं? गणिती माणूस होता, एवढी बेरीज त्याला येत होती. तरी त्याच १९२३ साली मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला. सक्तीच्या शिक्षणाची वाट दाखवणारा कायदा म्हणून त्याचा गौरव होतो. पण त्या कायद्यानं प्राथमिक शाळांचा कारभार दिला कुणाच्या हातात? लोकल बोर्डांच्या आणि नगरपालिकांच्या. ज्याच्या विहिरीवर आपल्याला बंदी त्याच्याच हातात आपल्या पोराची शाळा.

बाबासाहेबांनी हे लगेच ओळखलं. १९२८ साली सायमन कमिशनला बहिष्कृत हितकारिणी सभेनं शिक्षणावर निवेदन दिलं. त्यात रोखठोक सांगितलं की हा कायदा रद्द करून स्कूल बोर्डांकडे शाळा सोपवणं थांबवलं नाही तर अस्पृश्यांचं शिक्षण मागं जाईल. हुशार, प्रामाणिक, नास्तिक मंत्र्याला जे दिसलं नाही ते कमिशनपुढं उभ्या राहिलेल्या महाराच्या पोराला दिसलं. कारण त्याला शाळेत गोणपाटावर बसवलं होतं. गोणपाट काही केंब्रिजच्या अभ्यासक्रमात नसतं.

मित्रांनो, त्याच काळातला दुसरा प्राध्यापक आठवा. कोलंबियात शिकलेला, लंडनहून अभ्यास अर्धा टाकून आलेला. १९१७ साली बडोद्यात त्याला राहायला खोली मिळाली नाही. पारशी खानावळीत नाव बदलून राहिला, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढला. १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाला तर प्रोफेसरांच्या खोलीतल्या माठातलं पाणी त्यानं पिऊ नये म्हणून बरोबरीच्या प्रोफेसरांनी हरकत घेतली. विद्यार्थी त्याचं लेक्चर ऐकायला गर्दी करत होते. माठ मात्र बाटत होता.

एकाला मुंबईत शिकताना नात्यातलं घर मिळालं. दुसऱ्याला शिकून आल्यावरही भाड्याची खोली मिळाली नाही. आणि वर आम्हाला शिकवतात, गुणवत्ता गुणवत्ता. गुणवत्तेला आधी टेकायला भिंत लागते साहेब. दिवा लागतो, भाकर लागते, मुंबईत उतरल्यावर ‘ये, बस’ म्हणणारा नातेवाईक लागतो. परांजप्यांची बुद्धी खरी होती. आम्ही ती नाकारत नाही. पण शिडी धरणारे हातही खरे होते. त्या हातांचा उल्लेख हारतुऱ्याच्या भाषणात कधी येत नाही.

आता परदेशातल्या वकिलाचं बघू. १९४४ साली परांजपे ऑस्ट्रेलियात गेले. तो देश म्हणजे गोऱ्यांचं राखीव कुरण. १९०१ साली कायदा करून त्यांनी काळ्यासावळ्यांना दार लावून घेतलं होतं, ते धोरण पुरतं गेलं १९७३ साली. अशा देशात हिंदुस्थानचा वकील म्हणून बसायचं म्हणजे रोज डोळ्यांपुढं रंगभेद. १९४६ साली हिंदुस्थाननं दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध संयुक्त राष्ट्रसंघात तक्रार नेली. चांगलं केलं. गोऱ्यानं काळ्याला हॉटेलातून हाकललं तर तो जगाचा प्रश्न, हे जगापुढं मांडलं.

मग पाटलानं महाराला विहिरीवरून हाकललं तर तो कुणाचा प्रश्न? तो घरगुती प्रश्न!

त्याच १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. ड्यू बॉइस हे काळ्यांचे मोठे विचारवंत, तेही प्राध्यापकी केलेले. अमेरिकेतल्या निग्रोंनी राष्ट्रसंघाकडे अर्ज केला होता. त्याची प्रत बाबासाहेबांनी मागितली. आपल्या लोकांनीही राष्ट्रसंघाकडे जावं असा विचार चालला होता. ड्यू बॉइस यांनी उत्तर दिलं. बघा, हे एक पत्र. यावर सरकारी शिक्का नाही, वकिलात नाही, गाडीवर झेंडा नाही. पण वेशीबाहेरच्या माणसाची परराष्ट्रनीती या एका टपालात होती. काळ्यांचं दुःख आणि आमचं दुःख एकमेकांच्या ओळखीचं आहे, हे त्यात होतं.

आणि पुढं काय झालं? २००१ साली दक्षिण आफ्रिकेत डर्बनला वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद भरली. आपले कार्यकर्ते तिथं आपल्या पायांनी गेले. जात हा विषय घ्या म्हणून ओरडले. भारत सरकारनं विरोध केला. जात म्हणजे वंश नव्हे, हा आमच्या घरातला मामला, बाहेर बोलायचं नाही. हे इंग्रजीत सफाईनं सांगायला सरकारकडं शिकलेली माणसं भरपूर होती. म्हणून आम्ही विचारतो, वकील कुणाचा? ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे त्यानं तोंड उघडलं की त्याचंच तोंड दाबणारा वकील आमचा कसा?

इथं कुणी म्हणेल, अरे पण आपलाही माणूस त्या शिडीवर चढलाच की. चढला. त्याचंही नाव घेऊ.

कोचेरिल रामन नारायणन. केरळातलं उझवूर, परवन जातीत जन्म, घरी दारिद्र्य. शाळेला रोज पंधरा किलोमीटर पायपीट. फी भरली नाही म्हणून वर्गाबाहेर उभं राहून धडा ऐकलेला पोरगा. पुस्तकं घ्यायला पैसे नाहीत म्हणून भावानं दुसऱ्यांची पुस्तकं हातानं उतरवून दिली. इंग्रजी साहित्यात त्रावणकोर विद्यापीठात पहिला. टाटांच्या मदतीनं लंडनला गेला, हॅरॉल्ड लास्कींचा विद्यार्थी झाला. १९४९ पासून परराष्ट्र खात्यात. १९७६ साली चीनला राजदूत. बासष्टच्या लढाईनंतर खुर्ची रिकामी होती, ती भरायला पाठवला तो हा माणूस. १९७९ साली जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचा कुलगुरू. १९८० ते १९८४ अमेरिकेत राजदूत. मग ओट्टपालमच्या राखीव मतदारसंघातून तीनदा खासदार, मंत्री, उपराष्ट्रपती आणि १९९७ साली राष्ट्रपती.

पायऱ्या त्याच. विद्यापीठ, वकिलात, मंत्रिपद. पण परांजप्यांना शाळेबाहेर उभं राहावं लागलं नव्हतं. हा फरक नारायणन वर गेल्यावरही विसरला नाही, आणि इथंच त्याचा हिशेब वेगळा होतो. १९९८ च्या अखेरीला सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांच्या नेमणुकीची फाईल त्याच्यापुढं आली. राष्ट्रपती म्हणजे रबरी शिक्का, असं सगळे धरून चालले होते. यानं फाईलवर शेरा लिहिला. अनुसूचित जाती-जमातींत लायक माणसं आहेत, त्यांना जागा न देणं समर्थनीय ठरणार नाही, अशा अर्थाचा. बोंब उठली. गुणवत्ता धोक्यात! २००० साली के. जी. बालकृष्णन सुप्रीम कोर्टात गेले आणि २००७ साली सरन्यायाधीश झाले. एका शेऱ्यानं हे झालं असं आम्ही म्हणत नाही. पण शेरा लिहिणारा हात वर्गाबाहेर उभ्या राहिलेल्या पोराचा होता, एवढं नक्की.

त्याचा हिशेब पुरता कोरा आहे असंही नाही. डर्बन झालं तेव्हा राष्ट्रपती हाच होता. राष्ट्रपतीला सरकारच्या चाकोरीत बोलावं लागतं, हे आम्हाला समजतं. त्यातूनच धडा घ्यायचा. एक माणूस वर गेला म्हणून वस्तीचा आवाज वर जात नाही. माणूस खुर्चीवर बसतो तशी खुर्चीही माणसावर बसते. त्याला खालून सारखं ओढत राहावं लागतं, आठवण करून द्यावी लागते.

आता आमच्याकडे या. पोंभुर्ण्याला.

चंद्रपूर जिल्ह्यातला हा जंगलातला तालुका. धान, मोह, तेंदूपत्ता, बांबू. वाघाच्या भीतीनं सांजवेळी सरपण आणायला जायचं नाही. मुंबईच्या वाचकांना वाटेल, या संपादकीयात पोंभुर्णा काऊन आणून रायला हा गडी? सांगतो. परांजप्यांचा १९२३ चा कागद इथं आलाच नाही, कारण आमचा चांदा तेव्हा मध्यप्रांतात होता. महाराष्ट्राच्या थोर पुरुषांच्या याद्या पुण्यात होतात, त्यात आमच्या जंगलाचा हिशेब नसतो. पण १६ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेब चांद्याला आले आणि इथं दीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे याच चांद्याचे. लंडनला शिकले आणि परत इथल्याच माणसांत आले, पुढं राज्यसभेचे उपसभापती झाले. म्हणजे लंडनची वाट आमच्या जंगलातूनही जाते. वाट आहे, पण वाटेवर फाटक लावलेलं आहे.

फाटक कसं ते बघा. केंद्र सरकारची परदेशी शिक्षणासाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. सगळ्या देशाला मिळून वर्षाला १२५ जागा. त्यात अनुसूचित जातींना ११५, बाकीच्या भटक्या-विमुक्तांना, भूमिहीन शेतमजुरांना आणि पारंपरिक कारागिरांना. एवढ्या मोठ्या देशात एवढुशी ओंजळ. त्यातही २०२२ साली एक कलम घुसवलं. भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचं समाजशास्त्रीय संशोधन, हे विषय घेतले तर पैसे नाहीत.

पुन्हा वाचा. आमच्या पोरानं लंडनला जाऊन यंत्र शिकावं, औषध शिकावं. जात शिकू नये. जातीवर लिहू नये. आपल्या आज्यापंज्याचा इतिहास परक्या लायब्ररीत बसून तपासू नये. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात जो निबंध वाचला तो भारतातल्या जातींवर होता. आजच्या या कलमाखाली त्या विषयावर त्यांना दमडी मिळाली नसती. बडोद्याच्या महाराजानं दिले तेवढेही पैसे आजचं लोकशाही सरकार त्या विषयाला देत नाही.

आणि २०२५ साली काय झालं? १०६ पोरांची निवड झाली. आधी पत्रं मिळाली फक्त ४० जणांना. बाकीच्यांना सांगितलं, निधी असला तर बघू. परदेशातल्या विद्यापीठात जागा मिळालेली, फीची तारीख डोक्यावर, आणि सरकार म्हणतं, बघू. नारायणन वर्गाबाहेर उभा होता फीसाठी. त्यालाही कुणीतरी ‘बघू’च म्हटलं असणार.

हे झालं वरच्या पायरीचं. खालची पायरी तर आणखीनच निसरडी. भारत सरकार शिष्यवृत्ती, जी १९४४ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना सुरू झाली, ती आज ऑनलाइन फॉर्ममध्ये अडकते. जंगलात नेट नाही. उत्पन्नाच्या दाखल्याला तहसीलच्या चकरा. दाखला घेईपर्यंत तारीख गेली. पोट्टं कॉलेज सोडून कामाला लागते. चंद्रपूरला नाही तर पुण्यामुंबईला. आम्ही असेच आलो. गोदीत सिडनीचे, डर्बनचे, न्यूयॉर्कचे डबे आमच्या डोळ्यांपुढून रोज जातात. नावं वाचता येतात एवढं शिक्षण झालंय.

म्हणून आता बोलणं पुरे, कामाचं सांगतो.

पहिलं. २०२२ चं ते कलम रद्द झालं पाहिजे. ही मागणी विद्यापीठातल्या चार प्राध्यापकांवर सोडू नका. ही वस्तीची मागणी आहे. जातीचा अभ्यास करायचा हक्क ज्याच्या पाठीवर जातीचे वळ आहेत त्याला नसेल तर कुणाला?

दुसरं. निवडलेल्या प्रत्येक पोराला शिष्यवृत्तीचं पत्र कॉलेज सुरू व्हायच्या आधी मिळालं पाहिजे. निधी संपला ही सबब चालणार नाही.

तिसरं. आपल्यातला जो कुणी प्राध्यापक झाला, अधिकारी झाला, खासदार झाला, परदेशात वकिलातीत गेला, त्याचा सत्कार करा, पण शाल देण्याआधी त्याला सभेत उभं करून विचारा. भाऊ, गेल्या वर्षी किती फायलींवर शेरा लिहिलास? किती पोरांना घरी ठेवलंस? परदेशात तुला कुणी जातीबद्दल विचारलं तेव्हा काय उत्तर दिलंस? उत्तर देईल त्याला खांद्यावर घ्या. चिडेल त्याला शाल द्या आणि घरी पाठवा.

चौथं. येत्या सुट्टीत जो जो गावाकडे जाईल त्यानं आपल्या वस्तीतल्या दहावी, बारावी, पदवी झालेल्या पोरापोरींची यादी करावी. कुणाचा दाखला अडकला, कुणाचा फॉर्म राहिला, कुणाचं हॉस्टेल नाकारलं. पोरींची नावं आधी लिहा, त्या सगळ्यांत आधी गळतात. यादी आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात गावाच्या नावानिशी छापू आणि तीच घेऊन समाजकल्याणच्या दारात बसू.

परांजप्यांच्या बाजूनं शेवटचं एक बोलून थांबतो. माणूस भला होता. त्यानं कागदावर दार उघडलं. पण दारात कोण बसलाय ते बघायला तो खाली उतरला नाही. आपल्यातून उद्या जो वर जाईल त्यानं निदान आठवड्यातून एकदा तरी खाली उतरावं. आणि तो उतरत नसेल तर आपण वर जाऊन त्याला घेऊन येऊ.

यादीच्या कामाला लागा.

जय भीम.